कोंडाजीचं इंजिन

इंजिनात माणूस राहत नाही. तिथं पिस्टन असतात, तेल असतं, आणि मिस्त्री गबाळा असला तर एखादा विसरलेला पाना असतो. हे मी चौक गावातल्या माझ्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला घसा फोडून सांगत होतो, आणि त्या वर्षी दिवाळीनंतर माझं ऐकून घ्यायला एकही माणूस तयार नव्हता.

गॅरेज म्हणजे तरी काय, मुंबई-पुणे सडकेच्या कडेला बापाच्या लोहारकीच्या भात्यापुढं मी पत्रे टाकले होते. मुंबईला काही वर्षं मोटारींखाली लोळून आलो होतो, म्हणून खालापूरकडे कुणाची मोटार बिघडली की ती आबाजी मिस्त्रीकडे ओढून आणायची असा रिवाज पडला होता. मिस्त्रीचा हात चांगला पण तोंड फाटकं, असं लोक म्हणत. दोन्ही खरं होतं.

कोंडाजी माझा दोस्त. खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी त्याचं घर, आणि एका शेटची लॉरी तो घाटातून वर-खाली करायचा. भात कापणीला आलं होतं तेव्हा एका सकाळी घाटातल्या मोठ्या वळणावर त्याची लॉरी कठडा फोडून दरीत गेली. लॉरी खाली एका झाडाला अडकली. कोंडाजी अडकला नाही. शेटनं लॉरी मोडीत काढली आणि भरपाई म्हणून तिचं इंजिन कोंडाजीच्या घरी पाठवून दिलं. बाकी सगळ्याचा चेंदामेंदा झाला होता, पण इंजिनाला ओरखडासुद्धा नव्हता. ते अंगणात गोणपाटाखाली पडून राहिलं आणि येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जायला लागला.

कोंडाजीचा धाकटा भाऊ चांगो याची स्वतःची एक जुनी टूरर होती, कापडी टपाची, लढाईच्या काळातली. कर्जतहून खोपोलीला येणाऱ्या आगगाडीचे उतारू तो घाटावर खंडाळ्याला पोचवायचा. नेमकं त्याच सुमाराला तिचं इंजिन तडकलं. कोंडाजीचं इंजिन चांगोच्या गाडीत बसवायचं हे जयवंतानं ठरवलं. जयवंता कोंडाजीची बायको. बोलायची कमी. तिची सासू येसूबाई नको नको म्हणत होती, पण जयवंता म्हणाली की पडून राहण्यापेक्षा ते फिरलेलं बरं, त्याला घाटाची सवय आहे. इंजिनाबद्दल म्हणाली की कोंडाजीबद्दल, ते तेव्हा मी विचारलं नाही.

मी ते बसवलं. लॉरीचं इंजिन टूररमध्ये बसवणं म्हणजे पोराच्या अंगरख्यात बापाला घालणं. पुढचा पत्रा कापावा लागला, इंजिन टेकायचे पाय नवे घडवावे लागले. पण खरं डोकं खाल्लं ते वायरींनी. जुन्या इंजिनाला मॅग्नेटो होता, तो खाली कुशीला बसून आपली ठिणगी आपणच तयार करायचा. ह्या नव्याला बॅटरी पाहिजे, कॉइल पाहिजे, आणि डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे चारी प्लगांना करंट वाटून देणारी काळी टोपी, ती ह्याच्या अगदी डोक्यावर मधोमध. सगळी वायरिंग मी नव्यानं ओढली. एक गोष्ट मात्र जुनीच राहिली, ती म्हणजे ब्रेक. ते फक्त मागच्या चाकांना होते आणि हलक्या गाडीसाठी केलेले. चांगोला मी बजावलं की सपाटीला हे धरतील, उताराला गिअर धरेल, पण चढावर गाडी थांबवायची नाही. चढावर थांबलास तर ती उलटी मागं घसरेल, म्हटलं.

पहिल्या दिवशी पूजा झाली. मोटारीला नारळ कोण वाढवत नाही? चांगोनं नारळ वाढवला, येसूबाईनं बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, आणि नारळाचं पाणी जयवंतानं घातलं, पिंडीवर घालतात तसं, समोरून मागपर्यंत बॉनेटच्या मधल्या रेघेवर. हळदीकुंकवाला तिचा हात आता चालत नव्हता, पाण्याला चालत होता. पाणी घालता घालता ती वाकून काहीतरी पुटपुटली. मी तिकडं लक्ष दिलं नाही, मी इंजिन ऐकत होतो. ते छान बोलत होतं.

आणि ती गाडी त्या दिवशी घाटात बंद पडली. कुठं, तर मोठ्या वळणावर, कोंडाजी गेला तिथंच.

चांगोनं चाकाला दगड लावला, उतारूंनी तंबाखू मळून खाल्ली, मग हँडल मारल्याबरोबर गाडी सुरू झाली आणि वर गेली. येताना काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. मग मधे एखादा दिवस बरा जायचा, आणि पुन्हा तिथंच. बंद पडताना खाकरायची नाही, धक्का द्यायची नाही. कुणी हात धरून थांबवावं तशी थांबायची. हे चांगोचे शब्द. मला ऐकून राग आला, कारण बिघाडाचं वर्णन असं करायचं नसतं.

चांगो गाडी चौकला घेऊन आला. मी म्हटलं वायरिंग माझी आहे, चूक माझीच असणार. स्विचची तार सैल असेल, चढावर ताणली जात असेल. ती बदलली. बॅटरीची अर्थिंगची तार चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं बांधली होती तिथला रंग खरवडला. कॉइल बदलून पाहिली. गाडी चालू ठेवून एकेक वायर हातानं हलवली, ओढली, वाकवली. गाडी खालापूरला नेली, परत आणली, पुन्हा नेली. एकदाही अडखळली नाही. अशा वेळी मिस्त्रीला जी शरम वाटते ती मोटार बिघडल्यापेक्षा वाईट असते. मी म्हटलं, जा, आता नाही थांबणार.

खोपोलीला परत गेल्यावर दुसऱ्याच सकाळी थांबली. आणि त्या दिवशी गाडीत उतारू भरलेले होते, दगड लावायला उशीर झाला, आणि गाडी मागं यायला लागली. चांगो दोन्ही ब्रेकांवर लोंबकळला. फुटक्या कठड्याच्या जागी सरकारनं चुना फासून रिकामी पिंपं उभी केली होती, त्यातल्या एकाला टेकून गाडी थांबली. पिंप खाली गेलं. ते खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला, असं चांगो सांगत होता.

येसूबाईला त्या दिवशी भगताकडे जाण्यापासून अडवणारा कुणी नव्हता. मी त्या भगताला चोर म्हणणार नाही. त्यानं कधी काही मागून घेतलं नाही, मिळालं ते गाईला घातलं, आणि तो बोलायचा त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता. मला वाटतं तेच जास्त वाईट. आधी त्यानं सांगितलं की कोंडाजीला मान पाहिजे, रोज घाट चढण्याआधी नारळाचं पाणी पडलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून जयवंता सकाळी पाणी घालायचीच, ते मधे एखाद्या दिवशी चुकायचं तेही आता चुकेनासं झालं. रोज नारळ, रोज जयवंताच्या हातचं पाणी, आणि रोज मोठ्या वळणावर गाडी बंद. चांगोचे उतारू तुटले. ज्या गाडीच्या इंजिनात मेलेला माणूस आहे तिच्यात कोण बसणार? मग भगतानं दुसरा कौल दिला. तो मला सांगायला चांगो चौकला आला तेव्हा त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तो म्हनतो, दादाला त्याचं मानूस भेटाया पायजे. अवसेला वयनीला त्याच गाडीतनं त्या जागी न्यायची. तिच्या हातनं निवद ठेवायचा. मंग दादा गाडी सोडंल."

"आणि गाडी तिथं बंद पडली, मागं आली, तर?" मी विचारलं.

 चांगो म्हणाला, "आय म्हनते, तो आपल्या बायकोला कशाला काय करंल."

माझ्या डोळ्यांपुढं ते पिंप खाली जात होतं. मागच्या सीटवर जयवंता, ती गाडी, ते ब्रेक, आणि तो फुटका कठडा. अमावास्येला अजून थोडे दिवस होते. तेवढ्यात बिघाड सापडला तर ठीक, नाहीतर ह्या लोकांनी आपल्या हातानं त्या बाईला दरीच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं नक्की केलं होतं.

मी आधी खोपोलीला गेलो आणि जयवंतालाच सांगून पाहिलं. म्हटलं, वहिनी, हा वायरीचा खेळ आहे, मला थोडी सवड द्या, त्या गाडीत बसू नका. ती भात कांडत होती. मुसळ थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि कोंडाजी गेल्यापासून पहिल्यांदाच मला तिच्या तोंडावर तरतरी दिसली.

"मी जानार, भावजी. मला बोलीवलंय."

मी पुष्कळ मेलेली आणि मरणारी माणसं पाहिली आहेत, पण त्या तरतरीची मला जितकी भीती वाटली तितकी कशाचीच वाटली नाही.

दुसऱ्या सकाळी मी चांगोबरोबर गाडीत बसलो. निघण्याआधी रोजचं सगळं झालं. जयवंतानं करवंटीतलं पाणी बॉनेटवर सोडलं, वाकली, तिचे ओठ हलले. येसूबाई पदर डोळ्यांना लावून उभी होती. गाडी मजेत निघाली. घाट लागला. तो आधी हळूहळू चढतो आणि मोठ्या वळणापासून एकदम तोंड वर करतो. गाडीनं नाक वर केलं, मी मनात म्हटलं आता बघू, आणि इंजिन थांबलं. खरंच कुणी हात धरल्यासारखं. अंगावर काटा आला हे मी लपवणार नाही.

मी उडी मारून चाकाला दगड लावला आणि बॉनेट उघडलं. प्लगची तार काढून इंजिनाजवळ धरली, हँडल मारलं, ठिणगी नाही. स्विच वगळून बॅटरीपासून थेट कॉइलला तार जोडली, तरी नाही. म्हणजे करंट टोपीपर्यंत येतो आणि टोपीत मरतो. टोपी काढली, आतून बाहेरून पाहिली, कुठं चीर नाही. सवयीनं धोतराच्या सोग्यानं पुसली, परत बसवली, आणि हँडल मारल्याबरोबर गाडी सुरू झाली. तिकडं चांगो कठड्याकडे तोंड करून हात जोडून उभा होता. तो म्हणाला, ऐकलं दादानं. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण माझं मलाच ते पोकळ वाटलं, कारण मी काय केलं होतं हे मलाही सांगता येत नव्हतं. वरून येताना मी गाडी सरळ चौकला नेली आणि चांगोला बजावलं की सापडेपर्यंत देणार नाही.

सकाळी बॉनेट उघडलं तर इंजिनावर मुंग्या.

लाल मुंग्यांची रांग चाकावरून चढून, पत्र्याच्या कडेनं, वायरींच्या जुडग्यावरून डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर गेली होती आणि टोपीभोवती गोल करून बसली होती. भगताला दाखवलं असतं तर त्यानं आणखी एखादा कौल दिला असता. क्षणभर मीही मागं सरकलो. मग मला माझाच संताप आला. मुंगी कशाला येते? मी बोट टोपीच्या कडेवर फिरवलं आणि जिभेला लावलं. गोड, जरा खारट. नारळाचं पाणी.

मी तिथंच भात्याजवळ खाली बसलो आणि हसलो. शेजारच्या दुकानदाराला वाटलं मिस्त्रीलाही भूत लागलं.

बॉनेट दोन्ही बाजूंनी उघडतं, मधे लांब बिजागरी असते. त्या बिजागरीच्या खाचेत जयवंता रोज पाणी घालत होती. सपाटीवर ते पाणी पुढच्या बाजूला खाचेत साठून राहायचं. मोठ्या वळणावर गाडीनं नाक वर केलं की ते मागं वाहायचं आणि बिजागरीतून नेमकं टोपीवर गळायचं. ओल्या टोपीत करंट वाट चुकायचा, ठिणगी मरायची. इंजिनाच्या उष्णतेनं ते वाळायचं, गाडी पुन्हा सुरू. जुन्या इंजिनाचा मॅग्नेटो खाली कुशीला होता, त्याला जन्मात थेंब लागला नसता. माझ्याकडे गाडी थांबायची नाही, कारण मी तिला नारळ वाढवत नव्हतो. वायरिंग चोख होती. देवाचं पाणी तेवढं चुकीच्या जागी पडत होतं.

जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मी टोपीला टोपरं शिवलं, दोरीनं घट्ट बांधलं, आणि गाडी घेऊन खोपोलीला गेलो. अंगणात सगळ्यांना बोलावलं. गाडीची पुढची चाकं पायरीच्या उतारावर चढवली, टोपरं काढलं, इंजिन चालू केलं आणि तांब्यानं पाणी बिजागरीवर ओतलं. इंजिन थांबलं. पुसून, टोपरं बांधून पुन्हा ओतलं. इंजिन चालूच. मी पुन्हा ओतलं, नुसती मिजास म्हणून. चांगो मटकन उंबऱ्यावर बसला आणि रडायला लागला. येसूबाई म्हणाली की पाण्याचं असेल, पण मोठ्या वळणावरच का, ते सांग. मी चढाचं सांगितलं. तिनं मान हलवली. पटलं नाही म्हणून हलवली की पटलं म्हणून, देव जाणे.

जयवंता खांबाला टेकून उभी होती.  मग पुढं आली आणि त्या रबराच्या टोपऱ्यावर तिनं हात ठेवला.

"म्हंजी ते थांबवत नवते."

"नाही वहिनी. कुणीच थांबवत नव्हतं."

"मंग इतके दिस मी कुनाशी बोलत व्हते?"

 मी चांगोवर खेकसलो की रडत काय बसलास, तो नट आवळ. ती आत गेली. थोड्या वेळानं मुसळाचा आवाज यायला लागला, सावकाश, एकसारखा. मी स्वतःला सांगितलं की रडेल चार दिवस, पण जिवंत राहील. त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं. एका माणसाला मी दरीच्या तोंडातून ओढून काढलं होतं, आणि तेही ट्यूबच्या तुकड्यानं.

नारळाचं पाणी आता चाकापुढं जमिनीवर पडायला लागलं आणि गाडी घाट न थांबता चढायला लागली. उतारूसुद्धा हळूहळू परत आले. मला वाटलं अमावास्येचं आता राहिलं. पण येसूबाई म्हणाली, निवदाचा शब्द दिलाय, मेलेल्याला दिलेला शब्द फिरवायचा नाही. चांगोलाही ते नाकारवेना. आणि जयवंता जाणारच होती. मला तरी आता अडवायला काय कारण उरलं होतं? बिघाड गेला होता. माझा सगळा आक्षेप गाडी थांबेल हाच होता. मी म्हटलं जा, पण मी बरोबर येणार. इंजिनावर माझा कान असू दे.

अमावास्येच्या दिवशी ऊन चांगलं होतं. ओढ्यापलीकडे झोडणी चालू होती. जयवंता मागच्या सीटवर एकटी बसली. नवरा ड्रायव्हर, दीर ड्रायव्हर, आणि बाई जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसत होती. मोटार भाड्याची, घरच्या बाईनं तिच्यात बसायचं नसतं. टोपलीत तिनं निवद घेतला होता, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, आणि फडक्यात बांधलेल्या विड्या. दार मी बाहेरून लावलं. तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की तिथं गाडी किती वेळ उभी राहील. मी म्हटलं, वहिनी, तिथं नाही उभी करता यायची, वर सपाटीला थांबू, मग आपण चालत खाली येऊ. तिनं मान हलवली. मला वाटलं कळलं.

घाट लागला. मी पुढं चांगोशेजारी बसून डोळे मिटले होते, इंजिन ऐकायला. मिस्त्री असाच बसतो. त्या दिवशी ते जे गात होतं ते मी अजून विसरलेलो नाही. चारी प्लग एका सुरात, कुठं अडखळ नाही, कुठं दम लागणं नाही. मोठं वळण आलं. चांगोनं पहिला गिअर टाकला आणि गाडी पार बाहेरच्या कडेनं, पिंपांना लागून घेतली, कारण त्याशिवाय ती वळत नसे. गाडीनं नाक वर केलं.

मागून जयवंता म्हणाली, "थांबव रं, चांगो. आलं ना."

चांगोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबू नकोस. चढावर थांबायचं नाही. वर चल."

ते बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. मी मागं वळून तिला समजावलंसुद्धा नाही, कारण इंजिन ओढीत होतं आणि माझा कान तिथं होता. गाडी माणसाच्या चालीनं चढत होती. आणि मग इंजिनाचा आवाज किंचित बदलला. एकदम हलका झाला, ओझं उतरल्यासारखा. मला फार आनंद झाला. मी चांगोच्या मांडीवर थाप मारली आणि म्हटलं, बघ, आता कसं ओढतंय.

चांगोनं मागं पाहिलं.

दरीकडचं दार उघडं होतं, वाऱ्यानं हलत होतं. सीटवर कुणी नव्हतं. चांगोचा पाय ब्रेकवर गेला, गाडी तशीच मागं घसरायला लागली, आणि मीच त्याचा पाय बाजूला लाथाडून ओरडलो की चल, वर चल. तिथं थांबता येत नव्हतं. सपाटी येईपर्यंत आम्ही दोघं ती उघड्या दाराची गाडी चढवत राहिलो, आणि कोंडाजीचं इंजिन एकदाही अडखळलं नाही.

वरून आम्ही पळत खाली आलो. वळणाच्या खालच्या अंगाला वाडीवरची सोमी खडी फोडत बसायची, ती उभी राहून हातातला हातोडा तसाच धरून पिंपांकडे बघत होती. दोन पिंपांच्या मधे जागा होती. चांगो तिथं गुडघ्यांवर बसला. मी सोमीला विचारलं की तिनं उडी मारली का. सोमीनं मान हलवली.

"उडी नाय मारली. उतरली. गाडीतनं उतरतात तशी. टोपली कमरेला घेतली, पाय खाली सोडला."

मला कळलं. बैलगाडी चढाला लागली की बायका अशाच उतरतात. गाडीवानाला थांब म्हणायचं नसतं, चढावर थांबलेली गाडी बैलांना पुन्हा ओढवत नाही. बाई आपली आपण मागून पाय खाली सोडते आणि उतरते, बैलांचं ओझं कमी करते. लहानपणापासून ती तशीच उतरत आली होती. मी तिला सांगितलं होतं की चढावर थांबता येत नाही, आणि तिला ते अगदी बरोबर कळलं होतं.

खाली झाडीत टोपलीचं फडकं अडकलेलं दिसत होतं. चांगो ओणवा होऊन हाका मारत होता, आधी वयनी म्हणून, मग दादा म्हणून. वर सपाटीला गाडी आम्ही तशीच सोडून आलो होतो, इंजिन बंद करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. हाका थांबल्या की ते ऐकू यायचं, चारी प्लग एका सुरात, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ते आता थांबावं.